विद्युत्प्रवाह, शरीरधातू आणि आपला केसपेपर

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर आपण प्रकृती लिहितो, अग्नी व कोष्ठ लिहितो, निद्रा व व्यसन यांची नोंद करतो, पूर्वी झालेल्या शस्त्रकर्माची चौकशी करतो. ‘शरीरात एखादे विद्युत्-उपकरण बसविले आहे काय?’ हा रकाना मात्र आमच्या पाहण्यातील फारच थोड्या केसपेपरांवर छापलेला आढळतो. पेसमेकर बसविलेला रुग्ण एके काळी मोठ्या शहरातच दिसे. आता तो तालुक्याच्या ठिकाणच्या वैद्यापुढेही येऊन बसतो. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मस्तिष्कात इलेक्ट्रोड बसविलेले असतात, जन्मतः बधिर असणाऱ्या बालकांच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट असते. हे रुग्ण शस्त्रकर्म झाले म्हणून आपल्याकडे येणे थांबवीत नाहीत. संधिवात, मलावष्टंभ, कटिशूल, अनिद्रा या तक्रारींसाठी ते आपल्याचकडे येतात, आणि पट्टे, तेले व शेकाची साधने आपल्याच औषधालयातून नेतात. म्हणून शरीरात रोवलेल्या इलेक्ट्रोडपासून विद्युत्प्रवाह धातूंमध्ये कसा पसरतो, याचे किमान ज्ञान प्रत्येक वैद्यास व औषधविक्रेत्यास असले पाहिजे, अशी आमची भूमिका आहे.

यावर ‘तो हृद्रोगतज्ज्ञांचा प्रांत, आपला काय संबंध?’ असे विचारले जाईल. हा आक्षेप आम्हास मान्य नाही. ज्याच्या चिकित्सालयात विजेवर चालणारे शेकाचे यंत्र, टेन्स, कॉटरी यांपैकी काहीही आहे, त्याचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आहे. दुसरीकडे आपल्यातील काही उत्साही लेखक ‘वायू म्हणजेच विद्युत्’ असे समीकरण मांडून मोकळे होतात. अशा समीकरणाने टाळ्या मिळतात. परंतु कॉटरीची पट्टी मांडीवर लावावी की पाठीवर, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. तेव्हा ते बाजूस ठेवून आपण धातूंकडे वळू.

विजेपासून शरीराचे पहिले रक्षण त्वचा करते. कोरड्या त्वचेचा विद्युत्-रोध काही दहा हजार ओहमांपासून लाखाच्या घरात असतो. त्वचा ओली झाली की तो झपाट्याने उतरतो, आणि त्वचेच्या आतील शरीराचा रोध तर काही शेकडा ओहमच असतो. हृदयापर्यंत गेलेली तार या द्वारपालास वगळूनच आत शिरलेली असते. बाहेरून, त्वचेमार्गे, हृदयाची गती विस्कळीत करण्यास साधारण शंभर मिलिअँपिअर इतका प्रवाह लागतो; तोच थेट हृदयाच्या भिंतीस पोचला तर त्याच्या एक सहस्रांशानेही अनर्थ होऊ शकतो. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांतून सामान्य स्थितीत दहा मायक्रोअँपिअरहून अधिक गळती होऊ नये, हा आंतरराष्ट्रीय दंडक याचसाठी आहे.

आत शिरल्यावर प्रवाह सर्वत्र सारखा वाहत नाही. रक्त हे उत्तम वाहक आहे. मांसातून तो तंतूंच्या दिशेने सहज वाहतो, आडवा जाताना अडखळतो. मेद रक्ताच्या तुलनेत दहा-पंधरा पट वाईट वाहक, आणि कवटीचे अस्थी त्याहूनही कितीतरी वाईट. मस्तिष्काभोवतीचे द्रव मस्तिष्काच्या करड्या भागापेक्षा सुमारे पाचपट अधिक वाहक आहे. म्हणून इलेक्ट्रोड या द्रवाच्या लगत आला की बराचसा प्रवाह ठरविलेले स्थान सोडून द्रवातूनच निघून जातो. मस्तिष्काच्या पांढऱ्या भागातही मांसाप्रमाणेच तंतूंच्या दिशेला प्राधान्य मिळते. धातूंचा हा क्रम आपल्या विद्यार्थ्यांस सहज लक्षात राहील, पण सोयीसाठी वापरलेली ही मांडणी आहे. प्राचीनांनी विद्युद्वहन सांगितले होते, असा दावा त्यावरून कोणी करू नये.

दुसरी गोष्ट अंतराची. सूक्ष्म टोकापासून प्रवाह चहूकडे पसरतो तेव्हा त्याची घनता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. एक मिलिमीटरवर जी असेल ती दोनवर चतुर्थांश, चारवर षोडशांश. यामुळेच मस्तिष्कात खोलवर बसविलेला इलेक्ट्रोड काही मिलिमीटरांपुरतेच काम करतो. कंपवातासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या इलेक्ट्रोडचा व्यास १.२७ मिलिमीटर आणि एका संपर्काची उंची १.५ मिलिमीटर, म्हणजे पृष्ठभाग जेमतेम सहा चौरस मिलिमीटर. हा सहा चौरस मिलिमीटरचा आकडा वाचकांनी ध्यानी ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची. वीज निघते तशी तिला परतावेही लागते. जुन्या एकध्रुवी पेसमेकरमध्ये प्रवाह तारेच्या टोकापासून निघून छातीच्या त्वचेखालील डबीपर्यंत, म्हणजे वाटेतील सर्व धातूंमधून परत येतो. द्विध्रुवी तारेत परतीचे कडे टोकापासून सुमारे एका सेंटिमीटरवर असते आणि पसारा तेवढाच राहतो. एकध्रुवी यंत्राच्या रुग्णास डबीजवळचा छातीचा स्नायू फडफडल्याचे जाणवत असे, त्याचे कारण हेच. शिवाय परक्या वस्तूभोवती शरीर तंतुमय आवरण निर्माण करते. त्यामुळे उत्तेजनक्षम मांस तारेच्या टोकापासून दूर सरकते, आणि बसविल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अधिक प्रवाह द्यावा लागतो. टोकाशी स्टेरॉईड भरलेल्या तारा प्रचारात आल्यापासून ही वाढ बरीच कमी झाली.

(येथे एक विषयांतर. सुवर्ण, रजत, ताम्र इत्यादी धातूंचे शल्य दीर्घकाळ शरीरात राहिल्यास पित्ततेजाने विलीन होते, असे सुश्रुताचार्यांनी प्रनष्टशल्याच्या अध्यायात म्हटले आहे. प्लॅटिनम-इरिडियमचे इलेक्ट्रोड असे सहज विलीन होत नाहीत. पण एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहू दिला तर तेही झिजतात आणि भोवतालचे धातू जळतात. म्हणून प्रत्येक स्पंदनाबरोबर जितका विद्युद्भार आत सोडला तितकाच उलट दिशेने परत घेतला जातो. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे सेनिंग आणि एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन यांना पहिला संपूर्ण आरोपित पेसमेकर बसविला. लार्सन २००१ पर्यंत जगले आणि तोवर त्यांना दोन डझनांहून अधिक यंत्रे बदलावी लागली.)

आता प्रत्यक्ष चिकित्सालयात या ज्ञानाचा उपयोग पाहू. प्रथम हिक्का. पेसमेकर असलेला वृद्ध ‘उचकी थांबत नाही’ म्हणून येतो. आपण महती, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा, अन्नजा यांचा विचार करतो आणि मयूरपिच्छमषी मधासह देतो. परंतु अशा रुग्णात आणखी एक शक्यता असते. मध्यपटलास चालना देणारा फ्रेनिक मज्जातंतू हृदयाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. उजव्या कर्णिकेतील तार उजव्या तंतूच्या जवळ येऊ शकते. हृदयाच्या शिरेतून डाव्या निलयाच्या बाह्य भिंतीवर नेलेली तार डाव्या तंतूच्या लगत असते. पेसमेकरचा प्रवाह तसा क्षुल्लक. अडीच व्होल्ट आणि पाचशे ओहम रोध धरला तर पाच मिलिअँपिअर, तोही सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागापुरता. पण तंतू काही मिलिमीटरांवर असेल तर तो तेवढ्यानेही उद्दीपित होतो आणि प्रत्येक स्पंदनास मध्यपटल आकुंचन पावते. रुग्ण त्यालाच उचकी म्हणतो.

हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. एक हात नाडीवर ठेवावा आणि दुसरा उरोदराच्या सीमेवर, फासळ्यांच्या कडेखाली. झटका नाडीच्या ठोक्याशी जुळून येतो काय, कूस बदलल्यावर कमी-अधिक होतो काय, हे पाहावे. जुळत असेल तर मषी देण्यात वेळ दवडू नये. रुग्णास ज्या रुग्णालयात यंत्र बसविले तेथे त्याच दिवशी पाठवावे. बहुधा प्रवाह कमी करून किंवा ध्रुव बदलून तक्रार दूर होते. मात्र क्वचित अशा झटक्यांचा अर्थ तार जागेवरून सरकली किंवा उजव्या निलयाची भिंत भेदून बाहेर आली, असाही असतो. सोबत भोवळ, मूर्च्छा, छातीत वेदना किंवा नाडी मंद असेल तर घटकाभरही थांबू नये. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या व्यवसायास ही परीक्षा अवघड जाऊ नये.

डबीशी चाळा करण्याची सवय काही रुग्णांना असते. डबी त्वचेखाली फिरत राहते, तार सुतासारखी गुंडाळली जाऊन वर ओढली जाते. मग आधी मध्यपटल फडफडते, पुढे खांदा व बाहू उडू लागतो, आणि हृदयास मिळावयाचे स्पंदन बंद पडते. १९६८ पासून वैद्यकीय वाङ्मयात हा प्रकार नोंदलेला आहे. अभ्यंग करणाऱ्या परिचारकास ‘डाव्या छातीवरील त्या गाठीवर मर्दन नको’ एवढे सांगून ठेवणे आपल्या हातात आहे.

कॉक्लिअर इम्प्लांटच्या काही रुग्णांत मोठा आवाज कानी पडताच त्या बाजूचा चेहरा फडफडतो. कानाच्या अस्थीतील विकाराने तो भाग सच्छिद्र झाला असेल तर शंखावर्तातील इलेक्ट्रोडचा प्रवाह शेजारच्या मुखतंतूपर्यंत पोचतो. यास अर्दिताचे पूर्वरूप समजून नस्य सुरू करू नये; उपकरणाचे समायोजन करणाऱ्यांकडे पाठवावे. हाच न्याय कंपवाताच्या रुग्णास. इलेक्ट्रोडचा प्रवाह बाजूच्या गतिवाही तंतूंत पसरला की जिव्हा जड होते किंवा हातपाय ओढल्यासारखा होतो. अशा वेळी वातवृद्धी समजून कवचबीजाची मात्रा वाढविणे हा उपाय नव्हे.

सर्वांत गंभीर भाग पुढे आहे. आतापर्यंत उपकरणातून बाहेर पसरणाऱ्या प्रवाहाचा विचार झाला. बाहेरची ऊर्जा तारेवाटे आत शिरते, हा उलट मार्ग अधिक घातक आहे. २००१ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एका कंपवाताच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या मस्तिष्कात इलेक्ट्रोड होते. दात काढल्यानंतर जबड्यावर डायाथर्मीचा शेक देण्यात आला आणि इलेक्ट्रोडच्या टोकांभोवतीचे मस्तिष्क कायमचे नष्ट झाले. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. त्यात मस्तिष्कात इलेक्ट्रोड असलेल्या दोन रुग्णांच्या मृत्यूचा उल्लेख आहे. एकास मुखातील शस्त्रकर्मानंतर, दुसऱ्यास पाठीच्या जुन्या विकारासाठी डायाथर्मी दिली होती. शेक पाठीला, नाश मस्तिष्कात! हे का घडते ते पाहू. डायाथर्मीच्या यंत्रातून सेकंदास कोट्यवधी वेळा दिशा बदलणाऱ्या लहरी निघतात. छातीपासून मस्तकापर्यंत गेलेली लांब तार त्या लहरी अँटेनाप्रमाणे पकडते आणि गोळा झालेली सारी ऊर्जा टोकाच्या त्या सहा चौरस मिलिमीटरांवर ओतते. शंभर चौरस सेंटिमीटरच्या पट्टीतून जो प्रवाह रुग्णास जाणवणारही नाही, तोच येथे दीड हजार पटींहून अधिक घनतेने वाहतो. उपकरण बंद ठेवले तरी हा धोका टळत नाही. डबी काढून टाकली पण तारा आत राहिल्या असतील, तरीही टळत नाही.

आपल्या भाषेतील एक सोय येथे घातक ठरते. वालुकापोटलीचा तो शेक, गरम पाण्याच्या पिशवीचा तो शेक, आणि डायाथर्मीचा तोही शेकच. ‘वैद्यबुवा, पाठीला शेक द्या’ म्हणणाऱ्या रुग्णास यांतील भेद ठाऊक नसतो. तो आपणास ठाऊक असावा लागतो. नाडीस्वेद, पत्रपोटली, वालुका यांत विद्युत् नाही, म्हणून तारेस त्यांपासून हा धोका नाही. अर्थात हृद्रोग्यास स्वेदन द्यावे की नाही, हा शास्त्राने सांगितलेला विचार वेगळा व तो करावाच. अग्निकर्माचेही तेच. ज्योतीवर तापविलेली पंचधातूची शलाका शरीरात केवळ उष्णता सोडते. बाजारात ‘इलेक्ट्रिक अग्निकर्म’ या नावाने मिळणारी काही साधने आतील तार तापवून टोक गरम करतात, तर काही रेडिओलहरींचा प्रवाह शरीरातून नेतात. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्यास हे विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये.

शल्यतंत्राच्या सहकाऱ्यांचा उल्लेख येथे अटळ आहे. तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य मिळून ५८ शस्त्रकर्मांची सूची अधिसूचित केली तेव्हा आपण स्वागताचे लेख लिहिले, विरोधकांना उत्तरे दिली. अधिकाराबरोबर आलेल्या या जबाबदारीवर मात्र फारसे लिहिले गेले नाही. अर्श-भगंदराच्या शस्त्रकर्मात एकध्रुवी कॉटरी वापरताना प्रवाह टोकापासून पट्टीपर्यंत जातो. पेसमेकरचा रुग्ण असेल तर त्या रेषेत डबी व तार येता कामा नये. पट्टी मांडीवर लावावी, पाठीवर वा खांद्याखाली नव्हे. शक्य तेथे द्विध्रुवी कॉटरी वापरावी, नाही तर स्पर्श थोडा-थोडा व थांबून-थांबून द्यावा, आणि सर्व वेळ नाडीवर लक्ष असावे. नाभीखालील शस्त्रकर्मात उपकरणास धोका कमी, असे २०११ च्या अमेरिकन तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनात म्हटले आहे. तथापि रुग्णाच्या हृद्रोगतज्ज्ञांचे मत आधी घ्यावे. आणखी एक गोष्ट खास आपल्याच पद्धतीतील. पूर्वकर्म म्हणून स्नेहन झालेल्या रुग्णाच्या मांडीवर तेलाचा थर राहतो. तेल हे दुर्वाहक. पट्टीचा थोडाच भाग त्वचेस टेकतो, सारा प्रवाह त्यातून जातो आणि तेथे दाह होतो. पट्टी लावण्यापूर्वी जागा साबणाने स्वच्छ धुऊन कोरडी करावी. उलट, स्वेदनानंतरच्या घामेजलेल्या त्वचेवर लगेच टेन्ससारखी साधने लावू नयेत, कारण रोध उतरलेला असतो.

औषधालयांच्या मालकांनी हा लेख वैद्यांपुरता मानू नये. कटिशूलासाठी टेन्सचे छोटे यंत्र, मेद झडविण्यासाठी स्नायूंना झटके देणारा पट्टा, रक्तदाबासाठी चुंबकीय माळ, निद्रेसाठी चुंबकीय उशी, हे सर्व काउंटरवर वैद्याच्या चिठ्ठीविना विकले जाते. टेन्सची स्पंदने पेसमेकरला हृदयाचे ठोकेच वाटू शकतात. मग ‘हृदय चालू आहे’ असे समजून यंत्र स्वतः गप्प राहते. एकध्रुवी यंत्रांत हे अधिक घडते. ज्यांच्या छातीत शॉक देणारे आयसीडी यंत्र आहे त्यांच्यात गैरसमज उलटा होतो, आणि शुद्धीत असलेल्या माणसास शॉक बसतो. बलवान चुंबक डबीजवळ आला तर पेसमेकर हृदयाची चाहूल न घेता ठरावीक गतीने चालू लागतो. आयसीडीचे शॉक मात्र चुंबक तेथे असेतोवर बंद राहतात, आणि रुग्णास त्याचा पत्ताही नसतो. शंभर-दोनशे रुपयांच्या नफ्यासाठी हा धोका पत्करण्यात व्यापारी शहाणपणही नाही, असे आम्हास वाटते. चुंबकीय साधने आम्ही स्वतः कधीच लिहून देत नाही. त्यांच्या गुणाविषयीच आम्हास शंका आहे. पण ज्यांना ती विकावयाची असतील त्यांनी गिऱ्हाइकास एक प्रश्न विचारल्याखेरीज विकू नयेत.

आमची संघटनेस सूचना एवढीच आहे. सभासदांसाठी केसपेपर पुन्हा छापले जातील तेव्हा त्यांवर पूर्वव्याधीच्या खाली एक रकाना असावा: शरीरात यंत्र किंवा तार आहे काय, कोणते, कोठे व केव्हा बसविले, काढले असल्यास तारा आत आहेत काय. प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारावा. ‘विद्युत्-उपकरण’ म्हटल्यास वृद्ध माणूस मान हलवून नाही म्हणेल. ‘छातीत, डोक्यात की कानात मशीन बसवलंय का?’ म्हटल्यास लगेच सदऱ्याचे बटण काढून दाखवील. सोबत आलेल्या मुलास वा सुनेसही विचारावे. यंत्र बसविताना रुग्णालयातून ओळखपत्र दिलेले असते. बहुतेकांचे ते घरच्या कपाटात असते. पुढील खेपेस ते घेऊन येण्यास सांगावे, त्यावरील यंत्राचा प्रकार आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक केसपेपरवर उतरवून घ्यावा, आणि तोवर विजेचे कोणतेही साधन त्या रुग्णास लावू नये.